करार मानावा, जाळावा की दोन्ही?

२८ सप्टेंबर जवळ आला की नागपुरात दोन वस्तूंचा खप वाढतो, नागपूर कराराच्या झेरॉक्सचा आणि काडेपेटीचा. (हा करार म्हणजे विदर्भाने एकाच मराठी राज्यात यायच्या अटी; याच तारखेला १९५३ मध्ये त्यावर सह्या झाल्या. वेगळा विदर्भ मागणारे तो जाळतात.) तुम्ही या धंद्यात नवे आहात. नुकतेच कुठल्या तरी पक्षाचे किंवा समितीचे (पक्ष नसला तरी समिती असतेच) शहर उपाध्यक्ष झाला आहात, फ्लेक्सवर खालच्या ओळीत तुमचा फोटो आला आहे आणि आता पत्रकार विचारणार : नागपूर करार मान्य की अमान्य? घाबरून जाऊ नका. १९५३ पासून या एका प्रश्नावर दोन्ही गटांचं उत्तम चाललं आहे. तुमचंही चालेल. फक्त थोडी पथ्यं पाळा.

सगळ्यात आधी, करार वाचू नका. अवघी अकरा कलमं आहेत, तर्री-पोह्याची प्लेट संपायच्या आत वाचून होतात, आणि धोका आहे तो हाच. वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की भाषणांत जे सहा आठवड्यांचं अधिवेशन गाजतं ते त्या कागदावर नाहीच. सरकारने ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि वर्षातून निदान एक अधिवेशन इथे व्हावं, एवढंच आहे. त्याच्याच आधी असंही लिहिलंय की राजधानी म्हणून नागपूरला मिळणारे फायदे नव्या राज्याच्या कार्यक्षम कारभारात बसतील तेवढे राखले जावेत. हे वाक्य ज्याने कुणी घातलं त्याला इथूनच साष्टांग नमस्कार. त्या एका वाक्यात आजवरची सगळी सरकारं बिछायत घालून आरामात बसली आहेत. बाकी मग लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, मराठवाड्याकडे खास लक्ष, दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल वगैरे. हायकोर्टाचं पीठ नागपुरात असावं असंही आहे, आणि ते आहे. जे कलम पाळलं गेलं त्याचा उल्लेख भाषणात करू नये. लोकांचा विरस होतो.

वाचलंच तर निदान कुणाला कळू देऊ नका. आपल्याकडे वाचणाऱ्या कार्यकर्त्याला 'अभ्यासू' म्हणतात. अभ्यासू माणसाला समितीवर घेतात आणि तिकीट त्याच्या शेजारी बसलेल्याला देतात. समित्या भरपूर झाल्या. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांतली विकासाची तूट, ३,१८६ कोटींचा काढला, केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. तुम्ही यातला एकच आकडा पाठ करा आणि तो सांगताना आवाज चढवा. पुढचं कुणी विचारत नाही.

आता गट कोणता निवडायचा? इथे नवखी मंडळी फसतात. त्यांना वाटतं, करार मानणारे एकीकडे, फेटाळणारे दुसरीकडे, आणि मधे भिंत आहे. ज्यांनी २८ सप्टेंबर १९५३ ला सह्या केल्या त्यांत तिकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, नानासाहेब कुंटे होते आणि आपल्याकडून रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांना वेगळा विदर्भ हवा होता. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून शिफारसच केली. म्हणजे सही करणाऱ्यांचं म्हणणं एक, आयोगाचं दुसरं, आणि १९५६ मध्ये झालं तिसरंच : द्वैभाषिक मुंबई राज्य. यातून घ्यायचा बोध असा की गट कुठलाही धरा, त्याचा निकालाशी संबंध लागेलच असं नाही. म्हणून तुमच्या वॉर्डात कोणत्या गटाची खुर्ची रिकामी आहे, तेवढं बघा.

आणि समोरच्याने नागपूर करार काढला, तर तुम्ही अकोला करार काढा. ८ ऑगस्ट १९४७, स्वातंत्र्याच्या आधी आठवडाभर. त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत करायचं ठरलं होतं. तो करार कुणालाच नीट आठवत नाही, त्यामुळे वादात तो कायम जिंकतो.

इतिहासाचा दाखला द्यायचा झाला तर लांब जायची गरज नाही, नागपूरच्या महाल भागातच सोय आहे. २२ मार्च १८१६ ला नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले गेले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण आंधळा आणि आजारी, त्यामुळे कारभार कुणी बघायचा यावरून दरबाराची दोन शकलं झाली. एकीकडे रघूजींची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे चुलतभाऊ आप्पासाहेब. इंग्रजांची तैनाती फौज घ्यायची की नाही, हा खरं म्हणजे राज्याचा प्रश्न. पण दरबाराने तो घरचा प्रश्न करून टाकला. आप्पासाहेबांना कारभार हवा होता आणि कारभार टिकवायला फौज हवी होती. इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स, त्याला तह हवा होता. जमलं. २७ मे १८१६ ला गुपचूप तह झाला. ज्या तैनाती फौजेला खुद्द रघूजींनी अखेरपर्यंत दाद दिली नव्हती, ती त्यांच्या पश्चात दोन-अडीच महिन्यांत, वारसदारीच्या भांडणात, नागपुरात आली.

पण गोष्ट इथे संपवाल तर तुमचं शिक्षण अर्धवट राहील. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी संशयास्पद रीतीने मेला आणि आप्पासाहेब राजे झाले. राजे झाल्यावर त्यांना कळलं की आपण सही केलेला तह फार वाईट आहे. २६ नोव्हेंबर १८१७ ला त्यांच्या फौजेने सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांना गाठलं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही लढाई झाली, हरले. जानेवारीत पुन्हा सही. मग कैद, मग पळाले, महादेवाचे डोंगर, आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरला मृत्यू. दोन वर्षांत तह केला, तह मोडला, परत तह केला! आजच्या भाषेत दोन पक्षांतरं आणि एक घरवापसी. तिकडे बाकाबाई, जी आधी तहवाल्यांच्या विरोधी गटात होती, ती १८१८ नंतर लहानग्या तिसऱ्या रघूजीची पालक होऊन जेंकिन्सच्याच व्यवस्थेत राहिली.

आता लोकांचा निवाडा बघा. तान्ह्या पोळ्याला इतवारीतून काळी मारबत निघते ना, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून? ती मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई, असं नागपूरकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. तहावर पहिली सही करणाऱ्या आप्पासाहेबांची मारबत मी कधी पाहिली नाही. ते शूर म्हणून मोजले जातात, आणि ते लढले हे खरंच आहे. तेव्हा राजेहो, पहिली सही कुणाची होती हे लोक विसरतात. लक्षात राहतो तो शेवटी साहेबाच्या बैठकीत दिसला तो. सही हवी तेवढी करा, पण शेवटच्या फोटोत कुणाशेजारी उभे राहता ते सांभाळा.

करार जाळायचा मुक्रर झाला असेल तर तांत्रिक सूचना. जागा व्हरायटी चौक किंवा संविधान चौक, वेळ सकाळी अकरा, म्हणजे फोटोग्राफर दुसऱ्या कार्यक्रमाला मोकळे होतात. प्रत साध्या कागदावर काढावी. एका उत्साही कार्यकर्त्याने 'पावसात भिजू नये' म्हणून लॅमिनेट करून आणली, ती शेवटपर्यंत पेटली नाही, नुसती वळत गेली आणि प्लास्टिकच्या वासाने अध्यक्षांना ठसका लागला. सप्टेंबरात हवेत ओल असते. आत थोडं कोरडं वर्तमानपत्र घालावं, मात्र त्यावर आपल्याच नेत्याचा फोटो नाही ना, हे आधी बघून घ्यावं. फोटोग्राफर 'भाऊ, एकदा अजून' म्हणणारच, म्हणून दोन प्रती जास्तीच्या ठेवा. त्यातली उरलेली एक खिशात घाला. डिसेंबरात लागते.

कारण डिसेंबरात तोच करार पाळला जात नाही म्हणून आपल्याला बोंब मारायची असते. यात काही विसंगती आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून तयार झाला नाहीत. परवा यशवंत स्टेडियमजवळच्या टपरीवर दोन पक्के कार्यकर्ते बोलत होते, ते ऐका.

"काहून बावा, सप्टेंबरात तं तू करार जाळला. आता अधिवेशन लहान झालं म्हणून मोर्चात काहून येऊन राह्यला?"

"जाळला तो अमान्य होता म्हणून. येऊन राह्यलो तो पाळत नाही म्हणून. तुले काय प्रॉब्लेम आहे?"

"मले काय प्रॉब्लेम! आपण तं मान्यवाले. आपण बी पाळत नाही म्हणूनच येऊन राह्यलो."

"मंग चाल ना, एकाच गाडीत जाऊ. पेट्रोल वाचते."

इतकी एकवाक्यता देशात दुसरीकडे कुठे दिसत असेल तर दाखवा. अधिवेशन म्हणजे मान्य आणि अमान्य या दोन्ही गटांचं सासर-माहेर. आठवडा-दोन आठवडे सिव्हिल लाइन्सला रंगरंगोटी होते, मुख्यमंत्र्यांच्या रामगिरी बंगल्यापुढे गाड्यांची रांग लागते, आमदार निवासात गाद्या बदलतात, सावजीवाल्यांकडे जागा मिळत नाही आणि शनिवार-रविवारी लोकशाही ताडोब्याला वाघ बघायला जाते. १९६० पासूनची ही रीत. २०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत झालं, तेव्हा दोन्ही गटांना खरा धक्का बसला. करारभंग झाला हे दुःख होतंच, पण निवेदन द्यायला मंत्रीच नाही म्हणजे काय! निवेदनाची एक मजा असते : देताना फोटो, घेताना फोटो, आणि मंत्र्याच्या पीएकडून ते फायलीत जातानाचा फोटो कुणी काढत नाही.

सत्तेत असताना कसं वागायचं, हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सोपा आहे. बोलायचं नाही. श्रीहरी अणे महाधिवक्ता होते, बापूजींचे नातू, विदर्भावर आपलं मत मोकळेपणाने मांडायचे. मार्च २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मत विरोधी बाकावर ठेवून मग पद घ्यायचं असतं. 'एक मत, दोन राज्यं' ही घोषणा आठवते? १९९७ मध्ये भुवनेश्वरला भाजपचा वेगळ्या विदर्भाचा ठराव झाला, नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड अशी तीन राज्यं झाली. विदर्भ त्यात नव्हता. मित्रपक्षाचं मन राखायचं होतं म्हणतात. मित्रपक्ष असावा तो यासाठीच. तुम्हाला जे करायचं नाही, ते त्याला आवडत नाही असं सांगता येतं. जांबुवंतराव धोटे तर 'विदर्भवीर', १९७१ मध्ये विदर्भाच्या नावावर नागपूरची लोकसभा जिंकले, आणि १९८० मध्ये तीच जागा काँग्रेसकडून. विदर्भवीर ही पदवी मात्र कुणी परत मागितली नाही. तिला पक्षांतरबंदी लागू नाही.

मागास भागांच्या विकासासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांचंही ध्यानात ठेवा. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये ती आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मंडळ होतं तेव्हा ते निरुपयोगी आहे असं दोन्ही गट म्हणत. मुदत संपताच ते किती मोलाचं होतं हे दोन्ही गटांना एकदमच उमगलं. तुम्ही विरोधात असाल तर मुदतवाढ मागा, सत्तेत असाल तर 'प्रस्ताव केंद्राकडे आहे' म्हणा. ही दोन वाक्यं पाठ असली की जिल्हाध्यक्षपदापर्यंत अडचण येत नाही.

राहता राहिला एकच खरा धोका. समजा एखाद्या वर्षी कुणा मुख्यमंत्र्याला लहर आली आणि त्याने करार अक्षरशः पाळायचं जाहीर केलं : सचिवांसकट सरकार महिना-दोन महिने नागपुरात, खर्च लोकसंख्येप्रमाणे, अहवाल वेळेवर. अशा वेळी मान्यवाले आणि अमान्यवाले दोघंही उघड्यावर येतील. त्या दिवशी गोंधळून जाऊ नका. मोर्चे आणि बंद रस्त्यांमुळे बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजाराचा धंदा बसतो, सिव्हिल लाइन्समधून मुलांना शाळेत सोडता येत नाही, हॉटेलं महागतात, तेव्हा हे एवढं लांब अधिवेशन नागपूरकरांवर अन्याय आहे, असं पत्रक काढायचं. मजकूर आत्ताच टाइप करून घ्या, तारीख तेवढी कोरी सोडा.