गाडी बंद पडली का, साहेब?

परवा सायकलवरून दळण आणायला गेलो. परत आलो तर पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकात वॉचमननं काळजीनं विचारलं, "गाडी बंद पडली का, साहेब?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग शुगर निघाली असंल." नोकरी गेली असेल ही तिसरी शंका त्यानं बहुधा सभ्यपणानं गिळली.

तेव्हापासून नेदरलँड्समधलं उट्रेख्त शहर डोक्यातून जात नाहीये.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही कॉलेजपासूनचे चौघं मित्र पाठीवर सॅक टाकून नेदरलँड्सला गेलो होतो. वयं पन्नाशीकडे झुकलेली, हौस मात्र विशीतली. ॲम्स्टरडॅमची गर्दी दोन दिवसांत पुरे झाली आणि अर्ध्या तासाच्या रेल्वेनं उट्रेख्तला पोचलो. आठ खाटांच्या हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं आणि इतर चार बिचारे. बिचारे अशासाठी, की आमचा डॉक्टर घोरतो. सकाळी सुपरमार्केटमधला ब्रेड, चीज आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. नळाचं पाणी बाटलीत भरायचं आणि बाहेर पडायचं.

पहिल्याच दिवशी सायकली भाड्यानं घेतल्या. तिकडच्या बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो. पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर उगाच मागे पायडल मारत, कट्कट आवाज ऐकत जायची लहानपणापासूनची सवय. आमच्यातल्या बँकवाल्यानं भर रस्त्यात तेच केलं आणि जागच्या जागी खिळला. मागून येणाऱ्या आजीबाई डच भाषेत जे बोलल्या त्याचं भाषांतर कुणाला मागावं लागलं नाही. उट्रेख्त निवांत शहर आहे म्हणतात ते ठीक आहे, पण सकाळी साडेआठला फ्रेडेनबर्गच्या सायकलमार्गावर थांबून फोटो काढून बघा. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या सायकलरस्त्यांपैकी तो एक. लोक घंटी एकदाच वाजवतात, दुसऱ्यांदा थेट तोंड वाजवतात.

बाकी सगळं मात्र ओळखीचं निघालं. मागच्या चाकाला आपल्यासारखंच गोल कुलूप. मागे भक्कम कॅरिअर, त्यावर डबलसीट बसलेली मैत्रीण, एका हातात हँडल आणि दुसऱ्यात फुलं. मी तासावर भाड्यानं सायकल घेऊन नळीखालून पाय घालून शिकलो, त्या सायकलीचीच ही बहीण.

एक गोष्ट कळायला मला तीन दिवस लागले. तिथे सायकलवाला असा कुणी नसतोच. कोट घातलेला माणूस, गाऊनमधली बाई, पुढच्या लाकडी पेटीत दोन पोरं आणि भाजी कोंबलेला बाप, सगळे सायकलवर, आणि त्यातल्या कुणाकडे बघून त्याचा पगार सांगता येत नाही. तिथले माजी पंतप्रधान मार्क रुटे सायकलनं कचेरीत जायचे. आपल्याकडे सायकल दोनच प्रकारचे लोक चालवतात: ज्यांना दुसरं काही परवडत नाही ते, आणि लाखाची सायकल घेऊन रविवारी पहाटे घट्ट कपड्यांत सिंहगडाकडे निघणारे. मधल्या माणसासाठी सायकल उरलेलीच नाही. म्हणून तर वॉचमन विचारतो. हेल्मेटसुद्धा तिथे क्वचितच दिसलं. रस्त्यावर माणूस धास्तावलेला नसला की चिलखत कशाला घालेल?

"अहो, ते युरोप आहे, त्यांच्या रक्तातच आहे," हे मी आल्यापासून चार वेळा तरी ऐकलं. रक्तात काही नव्हतं. 1971 मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'बालहत्या थांबवा'. 1973 च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळा रस्ता कसा दिसतो ते लोकांना पुन्हा दिसलं.

खुद्द उट्रेख्तनं तर सत्तरच्या दशकात गावाभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक भाग कोरडा करून तिथे मोटारींचा रुंद रस्ता केला होता. आपण नदीपात्रात रस्ता केला तसंच. 2002 मध्ये नागरिकांचं मत घेतलं, लोकांनी पाणी निवडलं, आणि 2020 मध्ये त्या रस्त्याच्या जागी पुन्हा पाणी आलं. आम्ही तिथे काठावर बसून चटणी-ब्रेड खाल्ला. समोरून बदकं आणि होडीतली पोरं जात होती. तळाशी कधीकाळी डांबर होतं हे सांगूनही पटत नव्हतं.

दुसरा आक्षेप सपाट जमिनीचा, हवेचा आणि अंतराचा. जमीन सपाट आहे हे खरं, पण समोरून वारा सुटला की सपाटीवरही सिंहगडचा घाट चढतोय असं वाटतं, आणि पाऊस तर कधीही. अंतराचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. हडपसरहून हिंजवडीला सायकलनं जा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण डच लोकही तसं जात नाहीत. घरापासून स्टेशनपर्यंत सायकल, पुढे रेल्वे. त्यासाठीच उट्रेख्त स्टेशनखाली तीन मजली सायकलतळ आहे, 12,500 सायकलींचा, जगातला सगळ्यात मोठा. पहिले चोवीस तास फुकट. आपल्या मेट्रो स्टेशनांखाली फेरी मारून या आणि सायकल कुठे लावाल ते मला सांगा.

पुणं सायकलींचं शहर होतं हे सांगताना आपला ऊर भरून येतो. माझ्या वडिलांना सायकलला बिल्ला लावावा लागे, दिवा नसला की पोलीस हवा सोडत, डबलसीटला दंड. तरीही ते सगळीकडे सायकलनंच जात. मग आपण सायकलमार्ग बांधले. त्यांवर आता भेळेची गाडी, रोहित्राचा डबा आणि उभ्या केलेल्या दुचाक्या असतात. ऊर भरून येण्याऐवजी जरा लाज वाटली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही गावाच्या उत्तरेच्या वेअर्डस्लाउस या जलद्वारापाशी गेलो. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या बाजूला निघतात आणि दार बंद असलं की अडकून पडतात. मग पक्ष्यांचं फावतं. म्हणून पाण्याखाली कॅमेरा लावलाय. जगात कुठूनही बघायचं, मासा दिसला की संगणकावरची बेल दाबायची. मासे बरेच जमले की दार उघडतात.

बँकवाल्याला त्याचं वेडच लागलंय. परवा रात्री ग्रुपवर त्यानं फोटो टाकला: अंधूक हिरवं पाणी, त्यात काहीतरी काळपट. खाली लिहिलं होतं, "बेल वाजवली."

डॉक्टरनं विचारलं, "आज बँकेत कशानं गेलास?" घरापासून बँक दोन किलोमीटर.

निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.