विजेची बंदूक ग्रंथात नव्हती आणि बर्लिनमध्येही नव्हती

गेल्या रविवारी सकाळी परभणीहून बहिणीचा फोन आला. भाच्याला विजेचा झटका बसला होता. दैव बलवत्तर म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांवरच निभावले. तो नववीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘विजेची बंदूक : जर्मनीने पळवलेले भारतीय तंत्रज्ञान’ या विषयावर प्रतिकृती तयार करीत होता. त्यासाठी त्याने डास मारण्याची बॅट खोलली होती आणि माळ्यावरचा जुना, पिक्चर ट्यूबचा टीव्ही खाली उतरवून ठेवला होता. हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरले, असे विचारल्यावर कळले, की दाजींनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या मजकुरातून. तोच मजकूर मला त्याआधी चार ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचताच पुसून टाकला होता. फोन ठेवल्यावर मात्र तो मागवून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : महायुद्धावरील गेममध्ये दिसणारी प्रत्येक बंदूक खरी आहे. पहिल्या महायुद्धात सैनिक स्वयंचलित बंदुका घेऊन लढले. गेममध्ये जितक्या वेळात बंदूक भरली जाते, तितक्याच वेळात ती रणांगणावरही भरली जात असे. अमेरिकेच्या गॅरँड रायफलीच्या ‘टिंग’ आवाजाने हजारो सैनिकांचा घात केला. एके-४७ ही जर्मन बंदुकीची नक्कल आहे. जर्मनांनी ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन ग्रंथावरून विजेची बंदूक बनवली आणि ती ११५ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चालत असे. गेममध्ये भारतीय सैनिक मुद्दाम दाखवत नाहीत. आणि शेवटी ताकीद : हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत, म्हणून मुलांना खेळू द्या.

मी क्रमाने जाणार नाही. ज्या मुद्द्याने मुलाची बोटे भाजली, तो आधी घेतो.

ही विजेची बंदूक म्हणजे ‘वुंडरवाफे डीजी-२’. ‘कॉल ऑफ ड्यूटी : वर्ल्ड ॲट वॉर’ हा गेम २००८ साली आला आणि त्याच्या झॉम्बी विभागात ही बंदूक अवतरली. चाप ओढला, की निळी वीज एका झॉम्बीवरून दुसऱ्यावर उड्या मारत अख्खी रांग आडवी करते. ज्या विभागात शत्रू म्हणून उठलेली प्रेते अंगावर येतात, तेथील शस्त्र खरे मानावे आणि प्रेते तेवढी खोटी मानावीत, हा न्याय मला उमगलेला नाही. ‘वुंडरवाफे’ हा शब्द मात्र खरा आहे. त्याचा अर्थ चमत्कारी शस्त्र असा होतो, आणि युद्ध हातचे निसटू लागल्यावर आपल्या जनतेला धीर देण्यासाठी नाझी प्रचारयंत्रणेने तो भरपूर वापरला. व्ही-१ हा उडता बॉम्ब आणि व्ही-२ हे रॉकेट ही त्या नावाखाली मोडणारी शस्त्रे खरीच होती, आणि १९४४ मध्ये ती लंडनवर पडली. त्यांच्या सावलीत नंतर पुष्कळ भाकडकथा वाढल्या. त्यांपैकीच ‘डी ग्लोके’, म्हणजे नाझींची गूढ घंटा, ही कथा इगोर विटकोव्स्की या पोलिश लेखकाने २००० साली पुस्तकातून लोकांपुढे आणली. युद्ध संपून तेव्हा पंचावन्न वर्षे लोटली होती.

आता ११५ क्रमांकाचे मूलद्रव्य. आवर्तसारणीत ते आहे आणि त्याचे नाव मॉस्कोव्हियम आहे. ते प्रथम तयार झाले २००३ साली, रशियातील दुब्ना येथील प्रयोगशाळेत, आणि तेही मोजक्या अणूंच्या रूपात. त्याला नाव मिळाले २०१६ साली. त्याचा सर्वांत टिकाऊ ज्ञात समस्थानिकसुद्धा सेकंदाच्या आत निम्मा होऊन जातो. १९४४ मध्ये बर्लिनमध्ये कोणी ते बंदुकीत भरत होते, असे म्हणणाऱ्याने निदान बंदूक खांद्याला लावेपर्यंत तरी ते शिल्लक कसे राहिले, एवढे सांगावे.

आणि वैमानिक शास्त्र. येथे मला कोणाच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही, कारण हे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच करून ठेवले आहे. विमानविद्या आणि यंत्र अभियांत्रिकी हे त्यांचे विषय होते. त्यांनी ग्रंथ संस्कृतसह तपासला, ज्यांच्या मुखातून तो उतरवला गेला त्या सुब्बराय शास्त्री यांच्या परिचितांकडे चौकशी केली, आणि निष्कर्ष काढला, की हा ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही. त्याची भाषा वैदिक नसून अलीकडची संस्कृत आहे. त्यातील विमानांच्या आकृत्या बंगळुरूच्या एका आरेखकाने विसाव्या शतकात काढलेल्या आहेत, आणि वर्णन केलेल्यांपैकी एकही विमान उडू शकणारे नाही. ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५९ मध्ये निघाला आणि इंग्रजी १९७३ मध्ये. म्हणजे १९४५ पर्यंत हा ग्रंथ छापूनच आलेला नव्हता. जर्मनांनी चोरला म्हणावे, तर तो एका हस्तलिखित वहीतून चोरावा लागला असता, आणि चोरून हाती लागले असते ते न उडणारे विमान. ‘आपल्या पूर्वजांचे ज्ञान’ असे म्हणून जो मजकूर पुढे ढकलला जातो, त्यात पूर्वजांचा मान तरी कोठे राहिला?

विजेची गोष्ट तर आपल्या भागातल्या माणसाला शिकवावी लागू नये. मराठवाड्यात दर वर्षी वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात शेतातली माणसे आणि दावणीची गुरे वीज पडून दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आता अनेक शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये असते, ते त्यामुळेच. जिने आभाळ कडाडताना झाडाखालून पळ काढला आहे, अशी कोणतीही बाई सांगेल, की वीज नेम धरत नाही. तिला सोपी वाट मिळेल तिकडे ती जाते. कोरड्या हवेतून ठिणगी उडवायची, तर एका सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. अंतर फार वाढले, तर हे प्रमाण उतरते, हे कबूल. तरीही दहा-वीस मीटरवरच्या माणसापर्यंत वीज फेकण्यासाठी लागणारा दाब खांद्यावरच्या नळीत मावत नाही, आणि मावलाच, तर बंदूक धरून जमिनीवर उभा असलेला सैनिक हीच तिची सर्वांत जवळची वाट ठरते. आज पोलीस वापरतात ती टेझर बंदूकसुद्धा वीज हवेतून फेकत नाही. ती दोन बारीक अणकुच्या तारेसह फेकते आणि वीज त्या तारेतून जाते.

भाच्याच्या हाताला लागली ती बॅटमधल्या कपॅसिटरची वीज. बटण सोडल्यावरही ती काही काळ आत साठून राहते. त्याचा झटका बोटांवर निभावला. तो जुना टीव्ही त्याने उघडला असता, तर धोका मोठा होता : टीव्ही चालू असताना पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा भार बसतो, आणि प्लग काढल्यावरही त्यातला काही आत राहू शकतो. ज्यांनी हा मजकूर ‘मुलांना जरूर दाखवा’ असे लिहून पाठवला, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

दाजींची बाजूही घेतो, कारण मजकुरात सगळेच खोटे नाही. गेममधील पुष्कळ बंदुका खऱ्या आहेत, आणि काही तर इतक्या विचित्र असूनही खऱ्या आहेत, की त्या पाहून वीज फेकणारी बंदूकही खरी वाटावी. जर्मनांनी स्टुर्मगेव्हेर-४४ या आपल्या स्वयंचलित रायफलीला बसवायची वाकडी नळी खरोखर तयार केली होती, कोपऱ्याआडून गोळी झाडता यावी म्हणून. ती लवकर झिजत असे आणि गोळी कधी कधी नळीतच फुटत असे. ‘बॅटलफील्ड १’ या २०१६ च्या गेममध्ये मुलांची लाडकी असलेली हेलरीगेल १९१५ ही बंदूकही काल्पनिक नाही. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ऑक्टोबर १९१५ ची तिची छायाचित्रे आहेत : पाण्याने थंड होणारी जाड नळी, बाजूला मोठे गोल मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, आणि त्यातून बंदुकीपर्यंत आलेली लवचीक वाट. पण ती प्रयोगाच्या पलीकडे गेली नाही. गेममध्ये मात्र ती घेऊन डझनभर खेळाडू एकाच खंदकात धावताना दिसतात.

येथेच मजकुराची खरी गफलत आहे. बंदूक अस्तित्वात होती, एवढ्यावरून ती सैनिकांच्या हातात होती, असे ठरत नाही. पहिल्या महायुद्धातला सामान्य शिपाई बोल्टची रायफल घेऊन लढला : ब्रिटिश आणि भारतीय ली-एनफिल्ड, जर्मन गेव्हेर-९८, फ्रेंच लेबेल, रशियन मोसिन. एकेक गोळी झाडायची, बोल्ट मागे ओढायचा, पुंगळी बाहेर, बोल्ट पुढे, पुन्हा नेम. जर्मनांची एमपी-१८ ही हातात घेऊन चालवायची स्वयंचलित बंदूक १९१८ मध्ये, युद्ध संपायला काही महिने उरले असताना, मैदानात आली. दुसऱ्या महायुद्धातही चित्र फार बदलले नाही. कार-९८के ही पाच गोळ्यांची बोल्ट रायफल जर्मनांनी १ कोटी ४० लाखांहून अधिक बनवली. गेममध्ये ज्याच्या त्याच्या खांद्यावर असलेली स्टुर्मगेव्हेर सुमारे सव्वाचार लाखच बनली. खेळ रंगावा म्हणून गेमवाल्यांनी हे प्रमाण उलटे केले, त्याला माझी हरकत नाही. त्याला इतिहास म्हणण्याला आहे.

बंदूक भरण्याच्या मुद्द्याला मी थोडा अधिक वेळ देतो, कारण तो माझ्या घरातला आहे. माझे वडील बीडला पोलिसांत होते आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे थ्री नॉट थ्री बरोबर गेली. ही तीच ली-एनफिल्ड; बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनत असे, आणि महायुद्धे संपून कित्येक दशके झाली तरी आपल्या पोलिसांच्या खांद्यावरून ती उतरली नव्हती. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांसमोर आपले शिपाई हीच घेऊन उभे होते. वजन जवळजवळ चार किलो. चांदमारीहून, म्हणजे नेमबाजीच्या सरावाहून, वडील घरी आले, की आई त्यांच्या उजव्या खांद्याला हळद-तेल लावत असे. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसत. त्या पाच-पाच काडतुसांच्या पट्टीने वरून अंगठ्याने दाबून भराव्या लागत, आणि पट्टी जरा तिरकी बसली, की काडतुसे अडकत. वडील म्हणत, की चांदमारीत हात स्थिर असतो म्हणून जमते. भाच्याच्या गेममध्ये हीच बंदूक पळता पळता भरली जाते.

रणांगणावर त्या दोन-चार सेकंदांची किंमत काय असते, याचा पुरावा मराठा पलटणीच्या इतिहासात आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४. अगदी जवळून सुटलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब फेकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमी गनने, म्हणजे हातातल्या स्वयंचलित बंदुकीने, आणखी एकाला मारले. मग मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचून मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानपत्रात हे सगळे नोंदवलेले आहे. टॉमी गन गेममध्ये आहे. ती उलटी धरायची वेळ मात्र तेथे कोणावर येत नाही.

उरलेले झटपट. गॅरँडमधून आठवी गोळी सुटल्यावर पत्र्याची क्लिप ‘टिंग’ करून बाहेर उडते आणि बंदूक रिकामी झाल्याचे कळते, हे खरे; पण चहूकडून गोळ्या सुटत असताना पन्नास-शंभर मीटरवरच्या शत्रूने तो आवाज टिपायचा, आणि शेजारचे आठ-दहा सैनिक भरलेल्या बंदुका घेऊन बसलेले असताना उठून धावायचे, हे ज्याला पटते त्याने खुशाल मानावे. एके-४७ आणि स्टुर्मगेव्हेर बाहेरून सारख्या दिसतात, आणि पिस्तूल आणि रायफल यांच्या मधल्या आकाराच्या काडतुसाची कल्पना जर्मनांनी आधी मैदानात आणली, एवढे श्रेय देता येईल. आतली यंत्रणा वेगळी आहे. एके-४७ चा बोल्ट फिरून बंद होतो, स्टुर्मगेव्हेरचा तिरका होऊन.

भारतीय सैनिकांचा मुद्दा मात्र मला, इच्छा नसताना, बराचसा मान्य करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय लढले, आणि त्या मानाने या गेममध्ये ते फारच थोडे दिसतात. पण त्यासाठी गुप्त कटाची गरज नाही; ज्यांचे ग्राहक अमेरिका-युरोपात, त्यांचे नायकही तिकडचेच. आपली आठवण तरी किती चांगली आहे? आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडेस्वार, पहिल्या महायुद्धात जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी भाले-तलवारी घेऊन मशीनगनच्या तोंडावर दौड करत आजच्या इस्रायलमधील हैफा हे शहर घेतले. दिल्लीतील तीन मूर्ती हे १९२२ चे स्मारक याच तीन संस्थानांच्या स्वारांचे आहे. दाजींच्या मजकुरात विजेच्या बंदुकीला चौदा ओळी आहेत आणि हैफाला एकही नाही.

बॅट फेकून दिली आहे. टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बोलावून, ट्यूबचा भार उतरवून मगच उचलायला सांगितला आहे. भाच्याने तक्त्याचे शीर्षक खोडले असून त्या जागी आता ‘कार-९८के : १ कोटी ४० लाख, स्टुर्मगेव्हेर : सव्वाचार लाख’ असे दोन स्तंभ काढायला घेतले आहेत, हेलरीगेलचा स्तंभ काढायचा तर तो किती उंच काढू, असे त्याने काल रात्री विचारले. पेन्सिलीचा एक ठिपका दे, असे मी सांगितले.