‘झूम बघा, मेगापिक्सेल बघा, बाकी सगळ्या थापा’: त्या फॉरवर्डला उत्तर

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघाली की फॅमिली ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. ‘सहलीसाठी छोटा कॅमेरा घेताय? दुकानदाराच्या नादी लागू नका’ अशी सुरुवात, आणि खाली पाच हुकूम. मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो स्वच्छ. झूम चाळीस एक्सच्या खाली घेऊच नका. कमी झूमचे महाग कॅमेरे म्हणजे निव्वळ नावाचे पैसे. स्टॅबिलायझर असला की रात्रीचीही चिंता मिटली. आणि शेवटी, कॅमेरा कुठलाही असो, फोनपेक्षा तो चांगलाच.

पाठवणारे आपलेच काका-मामा असतात आणि हेतू चांगला असतो, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. पण या सल्ल्यावर तीस-चाळीस हजार घालवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे लिहितोय.

मेगापिक्सेलचं लवकर उरकतं. ऑनलाइन दुकानांत पाच-सात हजारांना ‘६४ मेगापिक्सेल, ४के’ असं ठळक छापलेले, कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे कॅमेरे ढिगाने आहेत. यातल्या बहुतेकांच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, तेवढे पिक्सेल नसतातच. लहान फोटो आतल्या आत ताणून मोठा केलेला असतो. फाइल फुगते, पण काकूंच्या साडीचा काठ होता तितकाच धूसर राहतो. बरं, खरे मेगापिक्सेल तरी किती लागतात? ४के टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. भिंतीवर लावायची १२ बाय १८ इंचांची प्रिंट २०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २०० ठिपके धरून, काढली तर ८.६ मेगापिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना तर फोटो आणखी आक्रसतो. सॅमसंगचे २०० मेगापिक्सेलवाले फोनसुद्धा नेहमीच्या मोडमध्ये सोळा पिक्सेलांचा एक करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. तेव्हा १२ पुरे, २० म्हणजे चैन, आणि त्यापुढचा आकडा खोक्यावर छापायला.

झूमचा मुद्दा मात्र सविस्तर बघायला हवा, कारण लोक फसतात ते इथेच. एक्स म्हणजे नुसतं गुणोत्तर. कॅननच्या एसएक्स७४० एचएसची लेन्स २४ मिमीपासून ९६० मिमीपर्यंत जाते (मिमीचा आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), म्हणून ४० एक्स. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ २४ पासून २०० वर थांबतो, म्हणून तो ८ एक्सच्या आसपास. फॉरवर्डच्या हिशेबाने पहिला पाचपट चांगला. आता ९६० मिमीला काय होतं ते बघा. कॅमेऱ्याला दिसणारा पट्टा आडवा फक्त दोन अंशांचा उरतो, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर भरून जाईल एवढा. हात जरा हलला की विषय चौकटीबाहेर. त्यात लेन्सचं तोंड त्या टोकाला एफ/६.९ इतकं बारीक झालेलं असतं (एफचा आकडा मोठा, म्हणजे छिद्र लहान). बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि तो कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. एफ/६.९ ला प्रकाशाचा एक टिंब सेन्सरवर सुमारे ९ मायक्रॉन रुंद होऊन पडतो. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आहे जेमतेम १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एकाच्या जागी आडवे सात-आठ पिक्सेल त्याच टिंबाने भरून जातात. वीस मेगापिक्सेल मोजायला आहेत, पण त्या टोकाला त्यांतले बहुतेक एकच माहिती पुन्हा पुन्हा लिहीत असतात.

हवेचं तर कुणी बोलतच नाही. सिंहगडावरून राजगडाचा बालेकिल्ला टिपायचा म्हणून झूमवाले कॅमेरे घेऊन आलेले लोक दर रविवारी दिसतात. दोन गडांमध्ये हवाई अंतर पंधराएक किलोमीटर. उन्हाळ्याच्या दुपारी मधली हवा तापून थरथरत असते, वरून धुरकं. झूम जितका वाढवाल तितकी ती थरथरच मोठी होऊन येते. पाऊस सरल्यावर, धुऊन निघालेल्या हवेत, सकाळी लवकर गेलात तर मात्र २०० मिमीवर काढलेला फोटोसुद्धा कापून मोठा करता येतो.

झूमची गरजच नाही, असं मात्र नाही. ताडोब्यात सफारीला फोन न्यायला बंदी आहे, ती २०१८ च्या अखेरीस आली. तिथे ‘फोन आहे ना’ हे म्हणायची सोयच उरत नाही. जिप्सी सोडून खाली उतरता येत नाही, वाघ तुमच्या सोयीने जवळ येत नाही, मग लांबची लेन्स हवीच. पण सफारी सुरू होते ती तांबडं फुटताना. त्या उजेडात एफ/६.९ ची लेन्स आणि नखाहून लहान सेन्सर यांनी काढलेला वाघ घरी येऊन बघावा: पट्टे एकमेकांत मिसळलेले, मिशा गायब, अंगावर जणू तेलरंगाचा ब्रश फिरवलाय. जंगलच मुख्य असेल तर मी सरळ सांगतो, ‘खिशात मावणारा’ हा हट्ट सोडा. सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ ची लेन्स ६०० मिमीला पोचल्यावरही एफ/४ राहते आणि सेन्सर ‘एक इंची’ वर्गातला, म्हणजे स्वस्त झूमवाल्यांच्या चौपट आहे. वजन मात्र किलोभराच्या वर, आणि खिसा विसरायचा. पॅनासॉनिकचा एफझेड१००० मार्क २ त्याच वळणाचा, पण ४०० मिमीपर्यंतच जाणारा. एवढं ओझं नको असेल तर पॅनासॉनिकचाच टीझेड२०० मध्यममार्गी होता: ३६० मिमी, एक इंची सेन्सर आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. ‘होता’ म्हणतोय, कारण आता तो बहुतेक सेकंडहँडच शोधावा लागतो. या धंद्याचीच तशी अवस्था झाली. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या, म्हणजे सीपाच्या, आकडेवारीत २०१० साली कंपन्यांनी बाजारात पाठवलेले, लेन्स न बदलता येणारे कॅमेरे दहा कोटींहून जास्त होते. २०२३ साली सतरा लाखांच्या आसपास. त्यामुळे दुकानात आज एका टोकाला जुन्या पद्धतीचे मोठ्या झूमचे कॅमेरे, दुसऱ्या टोकाला महागडे, आणि मधली फळी ओस.

आता ‘नावाचे पैसे’ हा आरोप. इथे थोडं गणित लागतं, पण शाळेतलंच. स्वस्त झूम कॅमेऱ्यांचा सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिमी, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. एक इंची म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे ११६. चौपट. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ घेतला तर लेन्स रुंद टोकाला एफ/१.८ ला उघडते, एसएक्स७४० ची एफ/३.३ ला. तेवढ्या फरकाने दर चौरस मिलिमीटरवर ३.३ पटींहून जास्त प्रकाश पडतो. दोन्ही गुणा. तेवढ्याच वेळात एकूण सुमारे चौदापट प्रकाश गोळा होतो. पैसे त्याचे आहेत.

हे कागदावर पटत नसेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन बघा. उजेड येतो तो मुख्यतः समोरच्या कमानीच्या गवाक्षातून. खांबांवरची हत्तींवर बसलेली जोडपी दिसतात, पण वर छताला लावलेल्या लाकडी फासळ्या, दोन हजार वर्षांच्या घरातल्या, अंधारात अर्ध्या बुडालेल्या असतात. जी७ एक्सला १/१५ सेकंद शटर उघडं ठेवून आणि आयएसओ ८०० वर (आयएसओ म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा, तो वाढला की दाणेही वाढतात) त्या निघत असतील, तर त्याच वेगाला छोट्या कॅमेऱ्याला आयएसओ २७०० च्या आसपास जावं लागतं, तेही चौथाई सेन्सरवर. मग लाकडाच्या रेषा कुठल्या आणि दाणे कुठले, कळत नाही. चांगल्या फोनचा नाइट मोड इथे दोघांशीही टक्कर देतो, कारण फासळ्या हलत नाहीत आणि फोन पाच-दहा फोटो काढून एकात एक बसवतो. हे मान्य करायला हवं.

हलणाऱ्या माणसांची गोष्ट वेगळी, आणि स्टॅबिलायझरचा मुद्दा तिथेच कोसळतो. स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप शोषतो. वाराणसीला दशाश्वमेध घाटावर आरती करणारा पुजारी पेटती दीपारती फिरवतोय, त्याचा हात काही तो थांबवू शकत नाही. त्या हातासाठी १/१२५ सेकंद तरी हवा, आणि तो वेग मिळतो मोठ्या सेन्सरने आणि उघड्या लेन्सने. गरब्याचं, लेझीमचं, वारीतल्या रिंगणात संध्याकाळी धावणाऱ्या घोड्याचंही तेच. स्टॅबिलायझर हवाच, देवळातल्या मूर्तीसाठी, दिवेलागणीच्या वाड्यासाठी. पण ‘रात्रीची चिंता मिटली’ हे वाक्य अर्धंच आहे.

राहिलं शेवटचं, कुठलाही कॅमेरा फोनपेक्षा बरा. हे सपशेल उलटं आहे. आजच्या वरच्या दर्जाच्या फोनमधला मुख्य सेन्सर १/१.३ इंची वर्गातला, म्हणजे सत्तर चौरस मिलिमीटरच्या घरातला असतो. चाळीस एक्स झूमच्या त्या कॅमेऱ्याचा किती होता? अठ्ठावीस. म्हणजे भरदिवसा, रुंद कोनात, सगळ्या कुटुंबाचा गेटवेसमोरचा फोटो काढायचा असेल तर पंचाहत्तर हजारांचा फोन तीस हजारांच्या कॅमेऱ्याला आरामात मागे टाकतो. तेवढंच काढत असाल तर कॅमेरा घेऊ नका, त्या पैशात आणखी एक रात्र मुक्काम करा.

कॅमेरा घ्यायचा तो फोनला जमत नाही त्यासाठी. त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तारकर्लीच्या किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता बायको-मुलांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं की समुद्र लख्ख आणि चेहरे काळे. फोन गणित करून चेहरे उजळवतो, पण ते मेणाचे वाटतात. जी७ एक्स किंवा आरएक्स१०० यांच्यात खरा झेनॉन फ्लॅश असतो आणि शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे भर उन्हातल्या वेगवान शटरबरोबरही तो फ्लॅश चालतो. चेहऱ्यावर चमक येते, मागचं आभाळ निळंच राहतं. फोनचा एलईडी दिवा उन्हात काजव्याइतकाही उपयोगाचा नाही. शिवाय आरएक्स१०० मार्क ७ मध्ये मिळणारा १०० ते २०० मिमीमधला खरा, काचेचा झूम, जो लोकांचे चेहरे आणि देवळाच्या शिखरावरची शिल्पं टिपायला कामी येतो. आणि फोनची बॅटरी वाचते, हे तर आहेच. तिकीट त्यात, नकाशा त्यात, यूपीआय त्यात. दुपारी चारला फोन बंद पडला तर चहाचे पैसे द्यायचीही पंचाईत.

सगळं एकाच कॅमेऱ्यात मिळत नाही, हेही आधीच समजून घ्या. जी७ एक्स मार्क ३ मध्ये धबधब्याचं पाणी दुधासारखं ओघळतं दाखवायला लागणारा एनडी फिल्टर आत बसवलेला आहे, पण व्ह्यूफाइंडर नाही. आरएक्स१०० मार्क ७ मध्ये व्ह्यूफाइंडर आहे, एनडी नाही. एसएक्स७४० मध्ये व्ह्यूफाइंडर नाही आणि नेमका त्याच्या लांब झूमलाच तो सगळ्यात जास्त लागतो, कारण उन्हात पडदा दिसेनासा होतो आणि हात लांब करून ९६० मिमी स्थिर धरणं हे पैलवानाचं काम.

फॉरवर्डमध्ये धूळ-पाण्याचा तर उल्लेखही नाही. बाहेर येणारी-आत जाणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळ. कच्छच्या रणात किंवा जैसलमेरच्या वाळूत हा कॅमेरा उघडाच गळ्यात टांगून फिरलात की सेन्सरवर ठिपका बसतो, आणि लेन्स निघत नसल्यामुळे तो घरी पुसता येत नाही. झिपलॉकची पिशवी ठेवा आणि वारा सुटला की झूम करणं टाळा. पावसाळी भटकंती किंवा तारकर्लीचं स्नॉर्केलिंग हाच बेत असेल तर ओएम सिस्टीमचा टीजी-७ बघा. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, लेन्स बाहेर येतच नाही, आणि मेगापिक्सेल आहेत फक्त बारा. सेन्सर लहानच आहे, पण कासच्या पठारावर तेच पथ्यावर पडतं: लेन्सच्या तोंडापासून एक सेंटिमीटरवरचं दवबिंदू नावाचं चिमुकलं कीटकभक्षी रोप टिपायचं तर लहान सेन्सरला जास्त खोलीपर्यंत फोकस मिळतो. पोटावर आडवं पडायची तयारी मात्र हवी, आणि तीही आखून दिलेल्या वाटेवरच.

घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं मेमरी कार्ड खिशात ठेवा. दुकानातच, छताचे दिवे सोडून कोपऱ्यातल्या कमी उजेडात, एक फोटो रुंद टोकाला आणि एक पूर्ण झूमला काढा. त्याच कोपऱ्याचा आपल्या फोनवर तिसरा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळेच गोड दिसतात, तेव्हा घरी कॉम्प्युटरवर तिन्ही शंभर टक्के मोठे करून बघा आणि मगच पैसे द्या. जास्तीची बॅटरी त्याच वेळी मागून घ्या. जी७ एक्स मार्क ३ सीपाच्या मोजणीने एका चार्जवर २३५ च्या आसपास फोटो देतो, आणि तेवढे हंपीत दुपारच्या जेवणाआधीच संपतात. विमानाने जाणार असाल तर ती सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. हातातल्या बॅगेतच न्यायची असते.