अख्खी मांडी

आखाडातला रविवार, सकाळचे सात. खाटकाच्या दुकानासमोर रांगेत माझा अकरावा नंबर. हातात पिशवी आणि खिशात भाच्यानं लिहून दिलेली चिठ्ठी. आखाडात सांगलीत मटणाची रांग आणि विठ्ठलाच्या दर्शनाची रांग यांत एवढाच फरक, की मटणाच्या रांगेत कुणी कुणाला पुढं सोडत नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं : 'गवतावर वाढलेलं. अख्खी मांडी, हाडासकट. तुकडे करू नयेत. चरबी पिवळसर आहे का ते बघणे.'

भाचा ऑकलंडला असतो. न्यूझीलंडात माणसं साधारण पन्नास लाख आणि मेंढरं दोन कोटींच्या वर. 1982 साली तर ती सात कोटी होती म्हणे, म्हणजे माणशी बावीस. अशा देशात दहा वर्षं काढलेल्या माणसाला मेंढरातलं कळणारच, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. प्रत्यक्षात तो तिकडं कॉम्प्युटरवर काम करतो आणि मेंढरू त्याला प्लॅस्टिकच्या वेष्टनात भेटतं. पण या खेपेला तो मामीसाठी साडी न आणता मटणात खुपसायचा थर्मामीटर घेऊन आला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मूळ कागदावर दोन पदार्थ होते, एक बीफचा आणि एक लँबचा. बीफचा भाग मी पेनानं खोडला. 2015 पासून आपल्याकडं गायीबरोबर बैल आणि वळूही कायद्यात आलेत. आणि कायदा नसता, तरी आईच्या स्वयंपाकघरात तो शब्द कागदावरसुद्धा टिकला नसता. राहिलं लँब, म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. आमचा खाटीक प्रत्येक गिऱ्हाइकाला 'कोवळं हाय' असं सांगतो, वयाचा दाखला मागायची पद्धत नाही.

माझा नंबर आला.

"गवतावरचं पाहिजे," मी म्हणालो.

त्यानं सत्तूर ओंडक्यावर रोवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "मग काय पुरणपोळीवरचं असतंय व्हय दादा?"

मागं रांग हसली. मग त्यानं समजावून सांगितलं. शेडवरचं बोकड असतं, ते बंदिस्त. जागेवर मका, भुसा खातं आणि फुगतं. आणि हे आटपाडीकडचं, धनगराच्या कळपातलं. हे गवत खातं, बाभळीच्या शेंगा खातं, कुणाचं लक्ष नसलं तर ज्वारीही खातं. "आन् गावलं तर भिंतीवरचं पोस्टरबी सोडत न्हाई."

मी चिठ्ठीतलं पुढचं कलम काढलं. "चरबी पिवळसर आहे का बघा."

आता मात्र तो हसला नाही. "पिवळी चरबी? कावीळ झाल्यालं मेंढरू मी विकतो असं म्हनायचंय का तुमाला?"

रांग शांत झाली. मी घाईनं चिठ्ठी खिशात कोंबली. (घरी आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ते वाक्य बीफचं होतं." गवत खाऊन चरबी पिवळसर होते ती गुरांची, मेंढराची पांढरीच राहते. मी बीफ खोडलं, पण बीफची चरबी खोडायची राहिली होती.)

"आणि मांडी अख्खी द्या. तुकडे नकोत."

"अख्खी? नवस हाय का काय?"

आम्हा सांगलीकरांना मटण म्हणजे मिक्स. थोडी मांडी, थोडा फरा, दोन चापा, एक नळी, वर कलेजीचा तुकडा, आणि तोही मोजताना नव्हे, मोजून झाल्यावर. नळी कमी पडली म्हणून भावकी दुरावलेली मी पाहिली आहे. 2019 साली शेजारच्या कोल्हापुरात तर मटणाच्या दरावरून लोकांनी आंदोलन केलं. अशा मुलखात एक माणूस नळी-कलेजीला नाही म्हणतो आणि दोन किलोंची मांडी लहान बाळासारखी काखेत घेऊन निघतो, तेव्हा लोक घरात कोण आजारी आहे का असं विचारतात. दोघांनी विचारलंही.

घरी भाच्यानं भाषण सुरू केलं. गवतावरच्या जनावराच्या अंगात चरबी कमी असते, त्यामुळं त्याचं मटण भट्टीत लवकर होतं आणि थोडं दुर्लक्ष झालं की चामडं बनतं. म्हणून फ्रीजमधून काढल्याकाढल्या आचेवर ठेवायचं नाही, आच मंद ठेवायची, आतलं तापमान त्रेसष्ट अंश झालं की बाहेर काढायचं आणि मग मटणाला थोडी विश्रांती द्यायची.

"कुणाला विश्रांती?" आईनं विचारलं. ती पहाटे पाचपासून उभी होती.

चोळायला त्यानं मीठ, मिरपूड आणि ऑकलंडहून आणलेली कसलीशी सुकी पानं एवढंच घेतलं. हळद नाही. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सांगलीच्याच घरात मटणाला हळद नाही! आईनं त्याची पाठ वळलेली बघून चमचाभर लावलीच. कांदा-लसूण चटणीचा डबाही तिनं हाताशी ठेवला, कुठं काय लागेल सांगता येत नाही म्हणून.

खरी पंचाईत भट्टीची. आमच्याकडचा ओव्हन म्हणजे दिवाळीच्या एक्सचेंजमध्ये घेतलेला मायक्रोवेव्ह. त्यात आजवर फक्त पापड भाजले गेले आणि एकदा ओले मोजे वाळवायचा प्रयत्न झाला. मांडी आत गेली, पण नळीचं टोक चार बोटं बाहेर राहिलं. दार लागेना. आडवी केली, तिरपी केली, उलटी केली. शेवटी मी नळी आत रेटून गुडघ्यानं दार दाबलं आणि ते लागलं. पण आतली काचेची ताटली फिरायला लागली, की नळी भिंतीला अडायची, ताटली कण्हायची आणि उलट फिरायची. तासभर ते मेंढरू आत येरझाऱ्या घालत होतं. डॉक्टरांनी मला रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलंय, त्यातलं एक तरी त्यानं माझ्या वाट्याचं नक्की पुरं केलं असणार. मध्येच लाइट गेली, आली, आणि घड्याळात शून्य शून्य लुकलुकायला लागलं.

भाच्यानं सुई खुपसली. कडेला एकोणसत्तर. हाडाजवळ सत्तेचाळीस.

"थांबलो तर कडा वाळणार, काढलं तर आत कच्चं," तो म्हणाला आणि त्यानं कापून दाखवलं. आतून गुलाबी. ताटलीत लालसर पाणी.

"रक्त!" आई.

"रक्त नाही आजी, मायोग्लोबिन आहे ते. स्नायूतलं प्रथिन."

"नाव काही का असेना, माझ्या ताटात नको."

मी चव घेतली. एक घास चावताना माझ्या वरच्या दातांचा पूल हलला. त्यात भाच्याची चूक म्हणावी तर नाही, त्याची कृती कुरणात बसून खाणाऱ्या कोवळ्या कोकरासाठी होती. हे मेंढरू आटपाडीचं, म्हणजे माणदेशातलं. तिथं पाऊस नावाला आणि दोन काड्यांमध्ये शेताचं अंतर. चालून चालून त्याच्या मांडीला दोरखंडाची ताकद आलेली. जतकडच्या माडग्याळचे मेंढे तर आणखी उंच, पोपटासारख्या बाकदार नाकाचे, पण त्यांचे भाव लाखांत, म्हणून ते खायचे नसतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायचे असतात. आमचं बिचारं बिनफोटोचं होतं, पण चाललं तेवढंच असणार.

"अशा मटणाला खरं तर तीन-चार तास मंद आचेवर ठेवावं लागतं," भाचा मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "त्यातलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला हवं."

"पाय शिजवताना रस्सा चिकट होतो, तेच ना?" आईनं पदर खोचला. "कोयता आण रे."

उसाचा कोयता आणला. पाटावर मांडीचे सोळा तुकडे झाले, हाडाचा चुरा भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडाला. आधी अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, काढायचं ठरलं आणि कुकर चढला. शिट्ट्यांवरून वेगळा वाद. बायकोच्या मते पाच, आईच्या मते "आटपाडीचं आहे, आठ". भाच्याला दाब आणि तापमानाचं कोष्टक पाहिजे होतं. चौथ्या शिट्टीला शेजारच्या काकू "आज कसला वास सुटलाय?" म्हणून डोकावल्या, त्यांच्याशी बोलताना मोजणी चुकली. पाच झाल्या की सहा, यावर बाराव्या मिनिटापर्यंत एकमत झालं नाही, तेवढ्यात तीन आणखी झाल्या.

जेवायला साडेतीन वाजले. तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. बाहेर पाऊस. मेंढराची चरबी थंडीत लगेच थिजते, त्यामुळं बोलत जेवायची सोय नव्हती. दोन वाक्यं बोललो, की वाटीवर पांढरी साय धरायची आणि ओठ एकमेकांना चिकटायचे. घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदा अनुभवली. भाच्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीला हात घातला.

संध्याकाळी मी थर्मामीटर शोधायला लागलो. भाचा बॅग भरत होता. सुई आईकडं सापडली, दुधाच्या पातेल्यात उभी.

"बेचाळीस दाखवतंय," ती म्हणाली. "विरजण लावू ना?"