झेडपीच्या शाळेत घातली म्हणून

आज उपासनेनंतर जे ऐकलं ते दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते. पोस्ट मोठी होईल, पण वाचा.

उद्यापासून शाळा सुरू. पाळकसाहेबांनी पहिलीत जाणाऱ्या लेकरांना पुढे बोलावलं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझी लेकही होती त्यात. डोळे भरून आले माझे. मग बाहेर पायऱ्यांवर चपला घालत होतो, तेवढ्यात ओळखीच्या एक मावशी आल्या. "मिशनची शाळा सोडून झेडपीत घातलीस? तिथं परिपाठाला सरस्वतीच्या फोटोपुढं हात जोडायला लावतात. कोवळं पोर आहे, विश्वासातून जाईल." पोरगी माझा हात धरून उभी होती. दुपारी जेवता जेवता तिनं विचारलं, "मम्मी, येशू माझ्या शाळेत येत नाही का?"

मावशी, तुम्ही वडीलधाऱ्या, म्हणून तिथे तुम्हाला उलट बोलले नाही. पण सहा वर्षांच्या लेकराच्या मनात हे घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आपला देव काय एका संस्थेच्या कंपाउंडमध्ये राहतो?

मी झेडपीच्याच शाळेत शिकले. राहुरीकडचं गाव, आमची ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, पप्पा साखर कारखान्यात. पप्पांनी शाळेत सोडताना एकच सांगितलं होतं, डबा उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची, कुणी हसलं तरी करायची. हसली पोरं, नाही असं नाही. पण माझ्या शेजारी बसणारी हसली नाही. भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसली, मी डोळे उघडेपर्यंत. का थांबलीस विचारलं तर म्हणाली, "तू जेवत नाहीस, मग मी कशी जेवू?" त्यानंतर ती रोज थांबायची. तिचं घर माळकरी. तिच्या घरचा विठ्ठल काही माझ्या प्रार्थनेनं रुसला नाही आणि माझा विश्वासही तिच्या बुक्क्यानं पुसला गेला नाही.

आणि मिशनच्या शाळेचं म्हणाल, तर जरा इतिहास आठवा. अमेरिकन मिशनरींनी 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली ती काय ख्रिस्ती लेकरांसाठी? ख्रिस्ती लेकरं होती तरी किती तेव्हा! मिस सिंथिया फरार 1827 मध्ये जहाजातून इथं आल्या, पुढे आपल्या नगरला आल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची मुलींची शाळा बघून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि तिथं शाळा काढली. ज्या बाईला तिच्या घरच्यांनी सातासमुद्रापार जाऊ दिलं, तिच्या पुण्याईवर शिकलेले आपण. आणि आपण आपलं पोर दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत पाठवायला घाबरायचं?

सरस्वतीच्या फोटोची भीती घालता? पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये मुंबईत शाळा उघडली, तिचं नाव ठेवलं शारदा सदन. निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं करणारी बाई ती. तिच्या विश्वासाला धक्का लागला नाही. त्याच रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या तेव्हा पोटची एकुलती एक मनोरमा त्यांनी इंग्लंडला वाँटेज गावच्या सिस्टरांकडे, म्हणजे मठातल्या नन्सकडे पाठवून दिली. जेमतेम पाच वर्षांची पोर, आईपासून एवढी लांब. काय झालं असेल त्या माउलीच्या जिवाचं.

बायबलातल्या हन्नाची गोष्ट आपण सगळे संडेस्कूलपासून ऐकतो. नवसानं झालेला शमुवेल, त्याचं दूध तुटल्यावर तिनं शिलोच्या मंदिरात नेऊन एली याजकाच्या, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याच्या हवाली केला. आपण एवढ्यावर थांबतो, टाळ्या वाजवतो. पण त्या मंदिरात तेव्हा काय चाललं होतं? एलीची स्वतःची मुलं लोकांच्या अर्पणातलं मांस काटा घालून आधीच ओढून घेत होती, दमदाटी करत होती. याजकाची मुलं! म्हणजे देवाच्या घरातसुद्धा वाईट संगत होती, आणि तिथेच शमुवेल चांगला निघाला. आता सांगा, "आपली" शाळा म्हणून कसली खात्री देता?

ठीक आहे, मिशनच्या शाळेत शिस्त असते, बायबलचा तास असतो, मान्य. ज्यांना तिथं घालायचं त्यांनी खुशाल घालावं. आणि एकट्या ख्रिस्ती पोराला वर्गात चिडवतात, हेही खरंच. मलाही चिडवलं. माझ्या लेकीलाही कुणी काही बोलेल. रडत घरी आली तर मी आहे, तिचे पप्पा आहेत.

पण मला काय वाटतं सांगू? मावशींसारख्या लोकांना पोराच्या विश्वासाची भीती वाटतच नाही. भीती वाटते ती पोर हातातून सुटण्याची. ती मलाही वाटते हो. काल रात्री तिचा गणवेश घेऊन बसले होते. एक माप मोठा आणलाय, खाली चार बोटं दुमडून टाके घातले, दिवाळीनंतर उसवता येतील म्हणून. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी लहानसा अंगरखा करून न्यायची, असं लिहिलंय ना, ते काल मला पहिल्यांदा नीट समजलं. वर्षभर डोळ्यांनी न पाहिलेल्या पोराचं माप कसं काढत असेल ती? शेजारच्या पोरांना उभं करून? माझी तर संध्याकाळी पाचला घरी येणार आहे. तरी टाका घालताना हात थरथरत होता.

लेकीला मी सांगितलं, येशू येतो शाळेत, तू दप्तर घेऊन निघालीस की तुझ्याबरोबरच निघतो. आणि पप्पांनी मला सांगितलं तेच सांगितलं, डबा उघडायच्या आधी डोळे मिटायचे. ती म्हणाली, "आणि दुसऱ्यांनी जेवायला सुरुवात केली तर?" मग तिला माझ्या त्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. चौथीत असताना तिचे दादा नगरच्या दवाखान्यात होते, तेव्हा भाकरी हातात घेऊन ती मला म्हणाली होती, "आज आमच्या दादांसाठी पण म्हण." मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. अख्खी ओळ गप्प झाली होती. हे मिशनच्या शाळेत झालं असतं का? मला नाही वाटत. तिथं सगळ्यांनीच डोळे मिटलेले असतात.

मावशी ही पोस्ट वाचतील, मला माहीत आहे. वाचा. राग माझ्यावर काढा, लेकरावर नको. पुढच्या रविवारी ती तुम्हाला सलाम करायला येईल तेव्हा शाळेत काय शिकलीस एवढंच विचारा.

ज्यांची लेकरं उद्या पहिल्यांदा शाळेत जाणार आहेत त्यांनी खाली फक्त नाव लिहा, आडनावही नको. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही सगळ्यांची नावं घेणार आहोत. शाळा कोणती ते विचारणार नाही. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.