डबा विसरलात तरी चालेल

जानेवारीत जपानला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं मला थंडीची भीती घातली. पावसाची भीती घालणाऱ्या फक्त सासूबाई. त्या मूळच्या गुहागरच्या. माणूस घराबाहेर पडला आणि त्याच्या काखेत छत्री नसली, तर त्याच्या संस्कारांतच काहीतरी राहून गेलंय, असं त्यांचं मत आहे. मग तो मे महिना असो नाहीतर लातूर असो.

"जावयबापू, छत्री ठेवा हो बॅगेत. परमुलूख तो."

मी हसलो. तीन आठवडे मी जपानच्या हिवाळ्याचा अभ्यास केला होता. टोकियोचा जानेवारी म्हणजे कोरडी हवा आणि निळंभोर आभाळ, हे मला तोंडपाठ होतं. ते खरंही होतं. फक्त आम्ही राहणार होतो ते टोकियोत नव्हे, कानाझावात. माझी भाची तिथे शिकते. पण देश एक म्हणजे हवा एक, असा मी हिशोब केला. चिपळूणला कोसळत असताना फलटणला लोक आभाळाकडे बघत बसतात हे जन्मभर पाहिलेल्या माणसानं!

तर मी थंडीशी लढायला निघालो. उणे पंधरा अंशांची हमी असलेलं पिसांचं जाकीट घेतलं. थर्मल दोन-दोन घेतले, एकावर एक घालायला. माकडटोपी होतीच. आणि बूट! घोट्याच्या वर येणारे, एकेका पायाला नऊ-नऊ जोड्या भोकं असलेले, लेसचे. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हे घालून हिमालयात जा." पुढे आठ दिवस मला वाटत राहिलं की त्याचं ऐकायला हवं होतं.

टोकियोहून कानाझावाला शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, २०१५ च्या मार्चपासून जाते. साधारण अडीच तासांचा प्रवास. निघताना लख्ख ऊन होतं, आमची ही खिडकीशी गॉगल लावून बसली होती. मग बोगदे सुरू झाले. डोंगरांच्या पलीकडे बाहेर पडलो आणि कुणीतरी दिवा मालवावा तसं झालं. आभाळ राखाडी, खाली बर्फ, काचेवर पाणी. हिनं गॉगल काढला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला शब्द लागत नाहीत.

भाचीनं नंतर समजावलं ते असं. सैबेरियावरून कोरडा गार वारा निघतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो, त्याचं पाणी वाऱ्याच्या मानानं कोमट. वारा तिथे पोटभर वाफ पितो आणि किनाऱ्यावर येऊन डोंगरांना धडकतो. मग जे काही आहे ते सगळं अलीकडेच ओततो आणि मोकळ्या हातानं टोकियोकडे जातो. म्हणजे आपला नैर्ऋत्येचा पाऊसच की, फक्त उलट्या दिशेनं आणि उलट्या महिन्यात! कानाझावा कोकण, टोकियो देश. वर्षाला इथे २४०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मुंबईच्या तोडीस तोड. पण मुंबई चार महिन्यांत उरकून घेते. ह्या लोकांना बारा महिने पुरवून पुरवून मिळतो, आणि सगळ्यांत जास्त डिसेंबरात.

त्यात मेख अशी की थंडी काही फार नसते. जानेवारीत दुपारी सात अंश, रात्री एक. महाबळेश्वरला जरा जास्तच गारठा पडला म्हणायचं, इतपत. त्यामुळे बर्फ पडतो तोही अर्धवट वितळलेला, जड, चिकट. झटकला तर उडत नाही, अंगावर बसतो आणि मुरतो.

स्टेशनाबाहेर काचेचा प्रचंड घुमट आहे. मी वर बघत उभा राहिलो.

"मामा, ही छत्री आहे," भाची म्हणाली. "पाहुणा गाडीतून उतरला की पावसात भिजू नये, म्हणून गावानं त्याच्यावर छत्री धरायची, अशी कल्पना आहे त्यामागे."

"वा!"

"पण ती इथपर्यंतच. पुढे तुझी तुला. कुठेय?"

"काय?"

"छत्री."

मी जाकिटाच्या खिशातून माकडटोपी काढून दाखवली. तेव्हा तिनं मला ती म्हण ऐकवली. 'बेंतो वासुरेतेमो, कासा वासुरेरुना.' जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. इकडच्या आयाबाया पिढ्यान्पिढ्या हेच सांगत आल्यात म्हणे. म्हणजे सासूबाई कधी विमानात न बसता जपानी बोलत होत्या. हिच्या चेहऱ्यावर माहेरच्या अभिमानाची जी काही झाक आली, ती आम्ही परत येईपर्यंत गेली नाही.

पहिल्या तासाभरात मी काय काय पाहिलं ते सांगतो. ऊन. मग तडतड तडतड गारा. मग चक्क ढगांचा गडगडाट, आणि त्या गडगडाटात बर्फ. मी कान चोळून पाहिले. बर्फ पडताना वीज कडाडते हे माझ्या अभ्यासात कुठेही नव्हतं. इथे मात्र विजा हिवाळ्यातच जोरात असतात. हिवाळ्याच्या तोंडाशी होणाऱ्या गडगडाटाला 'बुरी-ओकोशी' म्हणतात, म्हणजे बुरी नावाच्या माशाला जागं करणारा. गडगडाट झाला की बुरीचा हंगाम आला. कोकणात पहिला पाऊस पडला की लोक चढणीच्या माशांच्या मागे कंदील घेऊन धावतात, तसंच हे. मग पाऊस. मग परत ऊन, जणू काही झालंच नाही.

पिसांचं जाकीट उणे पंधराला भीत नव्हतं, पण पाण्याची त्यानं हमी दिलेली नव्हती. पिसं आतल्या आत गोळा होऊन खाली उतरली. खांद्यांशी नुसतं कापड आणि कमरेशी गाठोडं. वासही सुटला. भिजलेली कोंबडी आडोशाला उभी असते ना, अगदी तसा दिसत होतो मी, आणि कारण उघड होतं.

तरी बुटांवर माझा भरवसा होता. पण इथे बर्फ वितळवायला रस्त्याच्या मधोमध बारीक भोकांची रांग असते आणि त्यातून जमिनीखालचं पाणी उडत राहतं. पुण्यात असं दिसलं की आपण समजतो पाइपलाइन फुटली आणि उद्या नळ नाही. इथे मुद्दाम फोडलेली! बर्फ वितळतो हे खरं, पण त्याचा रस्ताभर सरबतासारखा रबडा होतो. माझे हिमालयीन बूट त्या रबड्यात दहा मिनिटं टिकले.

आणि मग आम्ही एका जुन्या सामुराईचं घर बघायला गेलो.

दारात बूट काढायचे. अठरा जोड्या भोकं, ओली फुगलेली लेस, बधिर बोटं. मागे पाचसहा जपानी माणसं शांत उभी. कुणी च्‌ केलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. ती शांतता मला जास्त लागली. आपल्याकडे एव्हाना कुणीतरी "काका, आटपा" म्हणालं असतं आणि वातावरण मोकळं झालं असतं. शेवटी एकदाचा मी बुटांतून निघालो आणि आत गेलो. दोन खोल्या पार केल्यावर हिनं दंडाला चिमटा काढला. मागे वळून पाहतो तो गुळगुळीत लाकडी फरशीवर माझ्या ओल्या मोज्यांची पावलं! दारापासून थेट आतपर्यंत, एकामागून एक, गौरी आणताना काढतात तशी. तिथल्या वयस्कर बाई काहीच बोलल्या नाहीत. वाकून नमस्कार केला, फडकं आणलं आणि पावलं पुसत माझ्या मागून चालू लागल्या. मी थांबलो की त्या थांबत. चौथ्या खोलीत मी मोजे काढून खिशात घातले. शून्याला टेकलेल्या गारठ्यात अनवाणी, सामुराईच्या घरात. त्यांनी स्वतः तरी काय वेगळं केलं असेल!

संध्याकाळी छत्री घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती पारदर्शक प्लॅस्टिकची. अख्खं जपान हीच छत्री वापरतं आणि घोटाळा तिथेच आहे. सोबा, म्हणजे तिथल्या शेवया, खायला गेलो, दारातल्या स्टँडमध्ये छत्री ठेवली, बाहेर आलो तर तिथे माझ्या वीस छत्र्या. हिनं मुक्कामी आल्यावर माझ्या लेंग्याचा नाडा ओढून काढला आणि मुठीला करकचून बांधला. दुसऱ्या दिवशी केनरोकुएन बागेत गेलो. तिथे जड बर्फानं फांद्या मोडू नयेत म्हणून १ नोव्हेंबरपासून झाडांना दोर बांधायला घेतात. मधोमध उंच खांब, त्याच्या टोकापासून फांदीफांदीला दोर, अशा उघडलेल्या छत्र्या बागभर. त्यात मी नाडा लोंबणारी छत्री घेऊन हिंडत होतो. एका जपानी आजोबांनी नाड्याकडे बघून आदरानं मान हलवली. त्यांना बहुतेक काही धार्मिक वाटलं.

नागामाची नावाच्या जुन्या वस्तीत मातीच्या कुंपणभिंतींना गवताच्या चटया बांधलेल्या दिसल्या, ओल धरून माती फुटू नये म्हणून. मी फोटो पाठवला. सासूबाईंचा लगेच फोन.

"पडवीला झापं बांधतो तसंच हो हे! मग? म्हटलं नव्हतं?"

भाचीनं पुढच्या वेळेसाठी यादी सांगितली ती बोटांवर मावेल एवढी. लेस नसलेले रबरी बूट, मोज्यांचे जास्तीचे जोड, आत दोन साधे स्वेटर आणि वरून पाणी न शिरणारं पातळ जाकीट. जाडजूड काही नको, कारण गाड्यांत आणि दुकानांत हीटर इतका असतो की दोन थर्मलांत माणूस उकडीच्या मोदकासारखा शिजतो. (शिजलो.) एप्रिलमध्ये फुलं बघायला आलास तर संध्याकाळसाठी स्वेटर. जून-जुलैत रीतसर पावसाळा. ऑगस्टात सुती कपडे आणि घाम पुसायला टॉवेल.

"आणि छत्री कधी?"

"मामा!"

टोकियोला परतलो तेव्हा पुन्हा लख्ख ऊन. आख्ख्या स्टेशनात छत्री हातात असलेला मी एकटाच. तेवढ्यात हिचं लक्ष मुठीकडे गेलं. नाडा नव्हता. म्हणजे कानाझावातल्या कुणाचीतरी छत्री माझ्याकडे होती, आणि तिथे कुणीतरी भल्या माणसानं माझ्या लेंग्याचा नाडा हातात धरून पावसातून ऑफिस गाठलं होतं.

ती छत्री आम्ही सासूबाईंना दिली. त्यांनी ती अंगणात उघडली, डोक्यावर धरली आणि वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ह्यातून सगळं आभाळ दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "मग ऊन कसं अडायचं?"