"नुसत्या तिच्या शब्दावर शिक्षा?" या कमेंटला उत्तर

तुमचं म्हणणं असं की मी बलात्काराच्या खटल्यांबद्दल "पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते" असं लिहिलं आणि ज्याच्याकडे हजेरीपट, सीसीटीव्ही, मोबाईल लोकेशन सगळं आहे त्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. खोट्या आरोपात माणूस आयुष्यातून उठतो हे मलाही मान्य आहे. पण तुम्ही तिची साक्ष एका पारड्यात आणि अ‍ॅलिबाय (म्हणजे घटनेच्या वेळी आपण दुसरीकडेच होतो हा आरोपीचा बचाव) दुसऱ्या पारड्यात टाकून वजन करताय, आणि कोर्टात तसं होत नाही.

आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचं की आरोपी तिथे होता आणि त्यानेच ते केलं. तिथेच केस पडली तर अ‍ॅलिबाय कितीही कच्चा असो, तो सुटतो. केस उभी राहिली तरच त्याने दाखवायचं की आपण इतके लांब होतो की तिथे असणं शक्यच नव्हतं. बिनयकुमार सिंह विरुद्ध बिहार या 1996 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय (खटला खुनाचा, पण नियम तोच), आणि त्यातच हेही आहे की आरोपीच्या पुराव्याने रास्त शंका आली तर तिचा फायदा त्यालाच मिळणार.

आता तुमचा पक्का पुरावा. टॉवर लोकेशन फोन कुठे होता ते सांगतं, तो कोणाच्या खिशात होता ते नाही. हजेरीपटावर सकाळी सही आहे, पण घटना दुपारची आणि मधल्या वेळेत त्याला कोणी पाहिलंच नाही, मग त्या सहीचा काय उपयोग? सीसीटीव्हीचं घड्याळ बरोबर होतं का, फुटेजसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं सर्टिफिकेट आहे का (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 65ब, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63), हे सगळं विचारलं जातं आणि विचारलंच पाहिजे. शिवाय पहिल्यापासून सांगितलेला अ‍ॅलिबाय आणि खटल्याच्या शेवटी अचानक आठवलेला अ‍ॅलिबाय यात फरक पडतोच. बचावाचे साक्षीदार मात्र केवळ बचावाचे म्हणून खोटे धरायचे नाहीत, त्यांना सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्यायचा, हे दूधनाथ पांडे केसमध्ये 1981 सालीच स्पष्ट झालंय.

आणि "नुसता शब्द" म्हणताना तुम्ही उलटतपासणी विसरताय. तिला सगळ्यांसमोर नाही तरी बंद दाराआड, आरोपीच्या वकिलाच्या प्रश्नांना तासन्‌तास उत्तरं द्यावी लागतात. किरकोळ विसंगती आहे म्हणून साक्ष फेकायची नाही असं गुरमीत सिंग केसमध्ये (1996) म्हटलंय, आणि वेळेतला थोडा इकडेतिकडे फरक मला तसाच वाटतो, कारण अशा वेळी कोण घड्याळ बघतं! पण ती ठामपणे एक वेळ सांगत असेल, आरोपी तिला अनोळखी असेल, आणि त्याच वेळेचा भक्कम अ‍ॅलिबाय समोर आला, तर ओळखण्यात चूक झाली का हा प्रश्न कोर्ट गंभीरपणे घेतं, घ्यायलाच हवं. आरोपी रोजच्या ओळखीचा असेल तर तो प्रश्न जवळपास उरत नाही.

राय संदीप केस (2012) वाचा. एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती पहिल्या जबाबापासून शेवटपर्यंत कुठेही न हलणारी, बाकी पुराव्याशी जुळणारी हवी, असं म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याच केसमधल्या आरोपींना सोडलं. उलट अ‍ॅलिबाय खोटा निघाला म्हणून तेवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही, सरकार पक्षाची केस तरीही आपल्या पायावरच उभी राहायला हवी.